मधल्या सुट्टीत काय झालं, हे कुणी विचारतच नाही

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत मुलांविषयी बरंच छापून येतं आणि मी ते आवर्जून वाचते, म्हणूनच लिहायला बसले. तान्ह्या बाळांचं सगळं येतं, झोप, दात, बोलायला कधी लागतात वगैरे, आणि मग एकदम मोठ्या परीक्षांचं टेन्शन, करिअर, अभ्यासाचं टाइमटेबल. मधली मुलं कुठेच नाहीत. सहावी, सातवी, आठवी. अकरा ते चौदा वर्षांची. मी याच वर्गांना शिकवते, बरीच वर्षं शिकवतेय, आणि माझं ठाम मत झालंय की या तीन वर्षांत मुलाचा दिवस कसा गेला हे गणिताच्या तासावर ठरतच नाही, ते मधल्या सुट्टीत ठरतं, बसमध्ये कोण शेजारी बसलं त्यावर ठरतं, ग्रुप पाडताना आपलं नाव कुणी घेतलं का त्यावर ठरतं. आणि घरी गेल्यावर पहिला प्रश्न काय, तर टेस्टचे मार्क मिळाले का.

पालकांना दोष द्यायचा म्हणून हे लिहीत नाहीये. पालकसभेत येणारे आईबाबा मनापासून काळजी करत असतात, पण त्यांच्या हातात विचारायला दुसरे शब्दच नसतात. कालपर्यंत सगळं येऊन सांगणारं पोर अचानक खोलीचं दार लावून घ्यायला लागतं, "काही नाही", "ठीक", "सोड ना" एवढ्यावर संभाषण संपतं, मग आई घाबरते, बाबा चिडतात, आणि सगळे मिळून एकच निष्कर्ष काढतात की मोबाइलमुळे झालंय. मोबाइलचा भाग आहेच, त्याच्यावर येतेच पुढे, पण आधी त्या मुलाच्या आत काय चाललंय ते बघायला हवं.

एकाच वर्गात एक मुलगा अजून तिसरीतला वाटावा असा आणि त्याच्याच बाकावर मिसरूड फुटलेला दुसरा, हे दृश्य आम्हाला रोजचं आहे. मुलींमध्ये वयात येण्याचे बदल साधारण आठ ते तेरा या वयात कधीही सुरू होतात आणि मुलांमध्ये नऊ ते चौदा, म्हणजे लवकर सुरू झालेलीही नॉर्मल आणि उशिरा झालेलीही नॉर्मल. पण मुलांना हे कुणी सांगितलेलं नसतं, त्यामुळे जी पुढे आहे तिला लाज वाटते आणि जो मागे आहे त्यालाही लाजच वाटते. मेंदूचंही तसंच. भावनांचा भाग या वयात जोरात कामाला लागलेला असतो आणि थांबून विचार करणारा, स्वतःला आवरणारा कपाळामागचा भाग पूर्ण तयार व्हायला विशीचा मध्य उजाडतो. म्हणून काल रात्री रडरड रडलेली मुलगी आज सकाळी हसत बसमध्ये चढते आणि आपल्याला वाटतं नाटक होतं. ते नाटक नव्हतं. रात्रीचं रडणंही खरं आणि सकाळचं हसणंही खरं.

डेव्हिड एल्काइंड नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये या वयाबद्दल एक गोष्ट मांडली होती, ती मला वर्गात रोज दिसते. या मुलांना सतत वाटत असतं की आपल्याभोवती प्रेक्षक बसलेत आणि सगळे आपल्याकडेच बघतायत. नाकावरची एक पुटकुळी, नवीन चष्मा, वाचताना फाटलेला आवाज, सगळ्या वर्गाने ते पाहिलं आणि वर्षभर ते कुणी विसरणार नाही, असं त्यांना अगदी मनापासून वाटतं. आपण म्हणतो, "अगं कुणी बघत नाहीये तुझ्याकडे." आपलं म्हणणं खरं असतं पण त्याचा उपयोग शून्य होतो, कारण तिला त्यातून एवढंच कळतं की आईला समजत नाही. त्यापेक्षा "वाचताना आवाज फाटला तेव्हा खूप कसंतरी झालं असेल ना" एवढंच म्हणा आणि गप्प बसा, पुढचं ती सांगते. लगेच नाही सांगत कधी कधी. दुसऱ्या दिवशी सांगते.

आता मैत्रीचं, कारण माझ्या मते या वयातलं सगळ्यात मोठं दुखणं तेच आहे आणि मोठ्यांनी सगळ्यात हलक्यात घेतलेलंही तेच. एक मुलगी होती, ओळख पटू नये म्हणून जास्त सांगत नाही, सुट्टी झाली की डबा घेऊन लायब्ररीत यायची. लायब्ररीत खायला परवानगी नाही हे तिला माहीत होतं, म्हणून डबा न उघडता मांडीवर ठेवून बसायची आणि पुस्तकाचं एकच पान उघडं ठेवायची. तिला कुणी मारलं नव्हतं, शिवी दिली नव्हती, वही फाडली नव्हती. तिच्या तीन मैत्रिणींनी तिला न सांगता एक नवीन ग्रुप केला होता आणि जुन्या ग्रुपवर कुणी काही लिहिणंच बंद केलं होतं, बास एवढंच. घरी आईला भरलेला डबा परत आलेला दिसायचा आणि ओरडा खायला मिळायचा की जेवत का नाहीस.

एवढ्याशा गोष्टीचं काय एवढं, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एक प्रयोग सांगते. २००३ मध्ये नाओमी आयझेनबर्गर आणि सहकाऱ्यांनी कॉलेजमधल्या मुलांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून कॉम्प्युटरवर चेंडू टाकायचा एक साधा खेळ दिला, समोर आणखी दोन खेळाडू आहेत असं सांगितलं, आणि थोड्या वेळाने त्या दोघांनी याला चेंडू देणंच बंद केलं. शारीरिक वेदनेचा त्रास जाणवताना मेंदूचा जो भाग जागा होतो, त्यातलाच एक भाग तेव्हा जागा झालेला दिसला. अनोळखी माणसं, फुटकळ खेळ, खेळणारे कॉलेजातले, तरी हे. मग इथे बारा वर्षांची पोर आहे, समोर पहिलीपासूनच्या मैत्रिणी आहेत आणि उद्या परत त्याच वर्गात जायचंय. "दुसऱ्या मैत्रिणी कर की" हे वाक्य तिला ऐकवू नका हो. करेल ती दुसऱ्या मैत्रिणी, पण आज नाही.

मैत्र्या तुटतात हेही खरंच आहे, या वयात आवडीनिवडी इतक्या भराभर बदलतात की पहिलीपासूनच्या जोड्या सातवीपर्यंत सुटायला लागतात आणि त्यात दर वेळी कुणाची चूक असतेच असं नाही. मुलांना हे सांगावं, पण रडून झाल्यावर. आणि कृपा करून त्या मैत्रिणीला नावं ठेवू नका. सोमवारी तुम्ही तिला "पहिल्यापासूनच आगाऊ होती" म्हणता, गुरुवारी दोघींची बट्टी होते, आणि त्यानंतर तुमची मुलगी तिच्याबद्दल तुम्हाला काही सांगायचं बंद करते कारण तुमचं मत तिला आधीच माहीत असतं.

विचारायचं कसं, हे मला पालक नेहमी विचारतात. मुलगा दारातून आत आल्या आल्या दप्तर उतरवायच्या आत प्रश्नांची फैर झाडू नका, त्याला आधी खाऊ द्या, लोळू द्या. समोरासमोर बसवून, डोळ्यात डोळे घालून "सांग आता काय झालं" म्हटलं की या वयाची मुलं गप्प होतात, पण गाडीत शेजारी बसलेलं असताना, कपड्यांच्या घड्या घालताना, कुत्र्याला फिरवताना, अंधारात झोपायच्या आधी, तेव्हा आपोआप बोलतात, कारण तोंडाकडे कुणी बघत नसतं. "दिवस कसा गेला" याचं उत्तर "ठीक"च येणार. "आज सुट्टीत कुणाबरोबर होतास", "आज वर्गात कुणाला ओरडा बसला", "आज सगळ्यात बोअर काय झालं" असं काहीतरी पकडता येईल असं विचारा. मला स्वतःला सगळ्यात उपयोगी पडलेला प्रश्न एकच आहे आणि तो मी वर्गातल्या मुलांनाही विचारते, "मी फक्त ऐकू, की काही करू?" दहातल्या नऊ वेळा मुलं म्हणतात फक्त ऐका. मग खरोखर फक्त ऐकायचं. मधेच "आमच्या वेळी" नाही, "मी उद्याच येते शाळेत" नाही, आणि रात्री फोनवर मावशीला ते सगळं सांगणं तर अजिबातच नाही. मुलं भिंतीपलीकडून ऐकतात. एकदा आपली गोष्ट घरभर झाली की पुढची गोष्ट तुमच्यापर्यंत येत नाही.

पण फक्त ऐकून चालणार नाही असेही प्रसंग असतात आणि तो फरक प्रत्येक पालकाला कळायलाच हवा. नॉर्वेत काम केलेले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेअस यांनी शाळेतल्या छळाचा आयुष्यभर अभ्यास केला आणि छळ कशाला म्हणायचं हे तीन गोष्टींवरून ठरवलं. दुखवायचा हेतू आहे का, ते पुन्हा पुन्हा होतंय का, आणि दोघांच्या ताकदीत फरक आहे का, म्हणजे ज्याला त्रास होतोय त्याला स्वतःचा बचाव करणं अवघड आहे का. दोन मित्र भांडले, एकाने दुसऱ्याला ढकललं, दुसऱ्याने चिडवलं, दोघंही तापलेत, तर ते भांडण आहे, ते त्यांना सोडवू द्या, फार तर मागून मदत करा. पण चार जण मिळून एकाला रोज एकाच नावाने हाक मारतायत, तो हसण्यावारी नेतोय आणि आंघोळीला जाऊन रडतोय, तर ते भांडण नाही. तिथे "तुम्ही दोघं आपसात मिटवा" हा सल्ला चुकीचा आहे आणि "तूही दे ना एक ठेवून" हा तर त्याहून चुकीचा, कारण ताकद सारखी असती तर गोष्ट तुमच्यापर्यंत आलीच नसती. आणि मुलं "मस्करी केली" म्हणतील, नेहमीच म्हणतात. मस्करीत दोघंही हसतात, एवढं साधं माप पुरे आहे.

अशा वेळी शाळेत या. नुसतं तोंडी सांगू नका, कधी झालं, कुठे झालं, कोण होतं, काय म्हणालं, हे एका कागदावर तारखांसकट लिहून आणा, चॅटवर झालं असेल तर स्क्रीनशॉट काढून ठेवा, आणि आधी वर्गशिक्षकांना भेटा. पुढे काय करणार आणि परत कधी भेटायचं हे त्याच भेटीत विचारून घ्या. दुसऱ्या मुलाच्या आईला रागाच्या भरात फोन करू नका, त्यातून दोन घरांचं भांडण होतं आणि शाळेत तुमच्याच मुलाला त्याची शिक्षा दुपटीने मिळते. आणि हे मी आमच्या लोकांसाठीही लिहितेय, शिक्षकांनी दोघांना एकत्र उभं करून "म्हण सॉरी, मिळवा हात" करायचं हे बंद झालं पाहिजे. ज्याला त्रास झालाय तो त्या खोलीत खरं बोलूच शकत नाही. दोघांना वेगवेगळं भेटायला जास्त वेळ लागतो हे मान्य, पण लागू दे.

यात एक मोठा गट आपण सगळेच विसरतो, नुसती बघणारी मुलं. कॅनडामध्ये शाळेच्या मैदानांवर मुलांचं चित्रीकरण करून एक अभ्यास झाला होता, २००१ मध्ये तो प्रसिद्ध झाला. मुलं यांच्याहून जरा लहान होती, पण त्यात दिसलं ते असं की एखादं बघणारं मूल जेव्हा मधे पडलं तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा तो प्रकार दहा सेकंदांच्या आत थांबला. दहा सेकंद! म्हणून घरी मुलांना फक्त "कुणी त्रास दिला तर सांग" एवढंच नका शिकवू, दुसऱ्याला त्रास होताना दिसला तर काय करशील हेही बोला. हिरो बनून मधे उडी मारायची गरज नाही, "ए चल, सर बोलवतायत तुला" म्हणून त्याला तिथून काढलं तरी झालं, किंवा नंतर त्याच्या शेजारी जाऊन बसलं तरी. आणि कधी शाळेतून फोन आला की तुमचंच मूल त्रास देणाऱ्यांत आहे, तर "आमचा असं करणारच नाही" हे वाक्य आधी गिळा. त्याला वाईट मुलगा ठरवायचं नाही, पण केलं ते केलं, आणि ते भरून काढायला त्याला उभं करायचं.

मोबाइल. पूर्वी शाळा सुटली की सुटका व्हायची, आता ग्रुप रात्री अकराला पण चालू असतो, कुणाला काढलं, कुणी कुणाचा फोटो टाकला, कुणी मेसेज बघून उत्तर दिलं नाही. पालकांचा पहिला विचार मोबाइल काढून घ्यायचा असतो आणि मुलांना तो पक्का माहीत असतो, म्हणूनच चॅटवर काही घाण झालं की ती सांगतच नाहीत. माझं स्पष्ट म्हणणं आहे की "मला येऊन सांगितलंस म्हणून तुझा फोन जाणार नाही" हा शब्द मुलाला द्या आणि पाळा. पण रात्री फोन खोलीबाहेर, आईबाबांचेही, सगळ्यांचेच. वयात येताना झोपेचं घड्याळच पुढे सरकतं, रात्री झोप उशिरा यायला लागते, हा आळशीपणा नसतो, आणि झोपतज्ज्ञ बारा वर्षांपर्यंत नऊ ते बारा तास आणि तेराच्या पुढे आठ ते दहा तास झोप सांगतात. माझ्या वर्गातली किती मुलं सहा-साडेसहा तासांवर येतात ते त्यांचे डोळेच सांगतात. अपुऱ्या झोपेवर साधं "चष्मिश" पण सुरीसारखं लागतं.

मुलग्यांबद्दल वेगळं लिहायला हवं. मुलींचं रुसणं-रडणं निदान दिसतं तरी. मुलगा दुखावला की तो दार आपटतो, बहिणीवर खेकसतो, सोमवारी सकाळी पोट दुखतं म्हणून शाळेच्या सिकरूममध्ये जाऊन पडतो, आणि त्याच्या वाट्याला "उद्धट झालाय" हा शिक्का येतो. दर सोमवारी दुखणारं पोट खरंच दुखत असतं. डॉक्टरांना दाखवाच, पण सोमवारी पहिला तास कसला असतो, तेही बघा. जिममध्ये कपडे बदलायला लावतात का, टीम पाडतात का, शेवटी कोण उरतो?

सगळ्यांना आवडणारं, ग्रुपच्या मधोमध असणारं मूल व्हावं अशी काही पालकांची धडपड असते, वाढदिवसाला अख्खा वर्ग बोलवतात, बूट-दप्तर सगळं इतरांसारखं घेऊन देतात. मला वाटतं एवढं लागत नाही. एक जरी खरा मित्र असला तरी छळाचा परिणाम मुलावर कमी होतो हे संशोधनातही दिसलंय आणि आम्ही डोळ्यांनी बघतो. तो मित्र वर्गातला नसला तरी चालतो. पोहायला, चित्रकलेला, तबल्याला, बुद्धिबळाला, कुठेही, जिथे त्याला वर्गातलं ते नाव माहीत नसलेली मुलं भेटतील अशी एक जागा असू द्या. मार्क कमी झाले की क्लास ठेवून आधी तीच जागा बंद करतात बरेच जण, ती बंद करू नका अशी हात जोडून विनंती आहे. लायब्ररीतल्या त्या मुलीचंही पुढे असंच झालं, पुस्तकं नोंदवायला आम्हाला मदत हवी होती, खालच्या वर्गातली एक मुलगी पण त्याच कामाला यायची, दोघी मिळून आधी बाहेरच्या पायरीवर बसून डबा संपवायच्या आणि मग कामाला लागायच्या.

आता जे लिहायला जड जातं ते. मानसिक आजारांपैकी सुमारे एक तृतीयांश वयाच्या चौदाव्या वर्षाआधी आणि निम्मे अठराव्या वर्षाआधी सुरू झालेले असतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि बहुतेक वेळा ते तेव्हा कुणाच्या लक्षातच येत नाहीत. दोन आठवड्यांच्या वर मूल रोजच उदास किंवा चिडलेलं आहे, आवडीच्या गोष्टी सोडून दिल्यात, जेवण-झोप बिघडलीये, शाळेत जायचं नावच काढत नाही, लांब बाह्या घालून हात झाकतंय, "मी नसते तर बरं झालं असतं" असं काहीतरी बोलून जातंय, तर हे वयच असं आहे म्हणून सोडू नका. समुपदेशक, बालरोगतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ, जे जवळ असेल तिथे न्या. आणि मरण्याचे विचार येतात का हे मुलाला सरळ शब्दांत विचारायला घाबरू नका. विचारल्याने डोक्यात तो विचार भरत नाही, उलट कुणीतरी विचारलं म्हणून मुलं मोकळी होतात. उत्तर "हो" आलं तर त्याला एकटं ठेवू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा, सोमवारची वाट बघू नका.

आपल्याकडे माझी मागणी छोटी आहे. पुरवणीतला एक कोपरा या तीन वर्गांसाठी कायमचा द्या. तज्ज्ञांचे लेख असू देत, पण त्यात मुलांचे स्वतःचे प्रश्नही नाव न छापता घ्या, "मैत्रिणीने ग्रुपमधून काढलं तर काय करू", "मला चिडवतात ते आईला सांगितलं तर ती रडेल का", असले प्रश्न माझ्या वह्यांच्या शेवटच्या पानांवर मुलं पेन्सिलने लिहून ठेवतात आणि मग खोडतात. समुपदेशकाने त्यांना साध्या भाषेत उत्तरं द्यावीत. पहिल्या काही आठवड्यांचे प्रश्न मी मुलांना आणि त्यांच्या पालकांना विचारून, नावं काढून, पाठवायला तयार आहे.

आपली,
सहावी ते आठवीला शिकवणारी एक शिक्षिका